३८८ विरुद्ध १ : जेनेट रँकिन

आमच्या वाङ्मय मंडळाची दरवर्षी एक बैठक चरित्रांची असते. प्रत्येकानं एका माणसाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. मागच्या वर्षी कुणी सावित्रीबाई घेतल्या, कुणी पंडिता रमाबाई, कुणी शाहू महाराज. यंदा मी जेनेट रँकिन हे नाव दिलं, तेव्हा अर्ध्या मंडळानं ते पहिल्यांदाच ऐकलं. अमेरिकेच्या संसदेत निवडून आलेली ही पहिली स्त्री. तिचा पुतळा आज वॉशिंग्टनच्या संसदभवनात उभा आहे. बैठकीत जे बोलले ते, आणि घंटा वाजली म्हणून जे राहून गेलं तेही, आता या अंकासाठी लिहिते आहे.

सुरुवात मात्र आमच्या घरातल्या एका ट्रंकेपासून करते. माजघरात एक काळी लोखंडी ट्रंक आहे. आता तिच्यात वाकळा आणि लग्नातली जादा भांडी असतात. झाकणावर पांढऱ्या रंगात पणजोबांचा फौजेतला नंबर अजून पुसट दिसतो. पणजोबा मराठा पलटणीत होते. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत असं घराघरांत कुणी ना कुणी असतंच. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीला गेले आणि परत आले. आले ते थोडे लंगडत. इटलीबद्दल फारसं सांगायचे नाहीत, फक्त तिथल्या थंडीबद्दल बोलायचे, असं आज्जी सांगते.

त्यांना इटलीला पाठवायचं कुणी ठरवलं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. पलटण गेली म्हणून ते गेले, एवढंच. उत्तर मला राज्यशास्त्राच्या तासाला मिळालं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. दिल्लीतल्या केंद्रीय कायदेमंडळाला विचारलं नाही. प्रांतांतल्या निवडून आलेल्या सरकारांनाही विचारलं नाही. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं. बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ याच कारणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये सत्तेतून बाहेर पडलं. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेलं. एवढ्या माणसांना समुद्रापार धाडायचं का, यावर इथल्या एकाही प्रतिनिधीचं मत कुणी मोजलं नाही.

त्याच तासाला सरांनी फळ्यावर दुसरा आकडा लिहिला : ३८८ विरुद्ध १. अमेरिकेनं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, त्या दिवशीचं तिथल्या प्रतिनिधिगृहातलं ते मतदान. वर्गात हशा पिकला. एक मत काय कामाचं? सर म्हणाले, हसा खुशाल, पण तिथं मोजणी झाली एवढं लक्षात ठेवा. ते एक मत जेनेट रँकिन यांचं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जेनेट रँकिन यांचा जन्म ११ जून १८८० चा, मिझुला गावाजवळचा. मोंटाना तेव्हा अजून राज्यही झालं नव्हतं. ते झालं १८८९ मध्ये. वडील जॉन शेती, गुरं आणि इमारती बांधायचा धंदा करायचे. आई ऑलिव्ह लग्नाआधी शाळेत शिकवायची. जेनेट भावंडांत थोरली. थोरल्या मुलीला घरात काय काय करावं लागतं हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. तिनं मात्र बाहेरचीही कामं केली. वडिलांच्या एका इमारतीसमोर पायवाट नव्हती म्हणून भाडेकरू येईना, तेव्हा या मुलीनं फळ्या ठोकून लाकडी पायवाट एकटीनं तयार केली, अशी तिची गोष्ट सांगतात.

१९०२ मध्ये त्या मोंटाना विद्यापीठातून जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. थोडे दिवस शाळेत शिकवलं, थोडे दिवस शिवणकाम केलं. मग न्यूयॉर्कला जाऊन समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि अनाथ मुलांसाठी काम करून पाहिलं. तिथं त्यांना एक गोष्ट कळून चुकली. मुलांचे हाल ज्या कायद्यांमुळे होतात, ते कायदे करणाऱ्यांना निवडायचा हक्क बायकांना नाही. तेव्हा आधी मताचा हक्क मिळवायला हवा. १९१० मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, त्या चळवळीत त्या होत्या. फेब्रुवारी १९११ मध्ये मोंटानाच्या विधिमंडळापुढं त्यांनी याच मागणीसाठी भाषण केलं. त्या सभागृहात बोलणारी ती पहिली स्त्री. १९१४ मध्ये मोंटानातल्या स्त्रियांना मत मिळालं आणि दोनच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९१६ रोजी, रँकिनबाई रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. भाऊ वेलिंग्टन वकील होता. प्रचाराचं सगळं त्यानंच बघितलं.

यातली गंमत बघा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तेव्हा बायकांना मतच देता येत नव्हतं, आणि ही बाई संसदेत बसली होती.

इथं थोडं थांबून तिथली व्यवस्था सांगायला हवी. अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस. आपल्याकडं ते नाव पक्षाचं असल्यामुळे मी सरळ संसद असंच लिहिते. तिची दोन सभागृहं : प्रतिनिधिगृह आणि सेनेट. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना त्या मंडळींनी युरोपातले राजे डोळ्यांपुढं ठेवले होते. राजाच्या मनात आलं की युद्ध, आणि त्याचा खर्च आणि मढी रयतेची. म्हणून त्यांनी काम वाटून दिलं. फौजेचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण युद्ध पुकारायचं की नाही हे ठरवणार संसद, आणि फौजेसाठी पैसाही संसदच देणार. मसुद्यात आधी युद्ध करण्याचा अधिकार संसदेला, असे शब्द होते. ते बदलून युद्ध पुकारण्याचा अधिकार असे केले. शत्रू अचानक चालून आला तर राष्ट्राध्यक्षाला त्याला अडवता यावं, एवढ्यासाठी हा बदल. ही फट तेव्हा बारीक होती. पुढं तिच्यातूनच पलटणी बाहेर पडल्या.

२ एप्रिल १९१७ ला रँकिनबाईंनी शपथ घेतली. सकाळी हारतुरे झाले आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दोन्ही सभागृहांपुढं येऊन जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशीच सगळ्यांत अवघड काम पुढ्यात आलं. भावानं समजावलं की होकार दे, नाहीतर राजकारण संपेल. स्त्रियांच्या चळवळीतल्या बऱ्याच पुढारी बायकांनाही भीती वाटत होती, की हिनं नकार दिला तर बायका हळव्या असतात, राज्य त्यांच्या हाती देऊ नये, असंच लोक म्हणतील. स्वतःच्या मताचा भार तर होताच, त्यात सगळ्या स्त्रीजातीचा भार त्यांच्या डोक्यावर आला.

६ एप्रिलची पहाट. त्या वर्षी तो दिवस गुड फ्रायडेचा होता. रात्रभर चर्चा चालली आणि तीनच्या सुमारास नावं पुकारली गेली. पहिल्या पुकाऱ्याला रँकिनबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या पुकाऱ्याला उठल्या आणि देशाच्या पाठीशी उभं राहायची इच्छा आहे, पण युद्धाला मत देता येत नाही, अशा अर्थाचं बोलल्या. मत देताना भाष्य करायचं नाही ही सभागृहाची रीत त्यांनी मोडली. निकाल ३७३ विरुद्ध ५०. त्यांच्याबरोबर ४९ पुरुषांनीही नकार दिला होता. पण वर्तमानपत्रांना एकच नकार दिसला. बाई रडली, असं छापून आलं. सभागृहात त्या रात्री कितीतरी पुरुषांचे डोळे ओले होते, असं तिथं हजर असलेले लोक सांगत राहिले, पण त्याची बातमी झाली नाही.

त्यांना देवत्व द्यायचं मला कारण नाही, म्हणून हेही सांगते. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच्या युद्धाचा ठराव आला, तेव्हा त्यांनी होकाराचं मत दिलं. सुरू असलेल्या युद्धाचंच ते पुढचं पाऊल आहे, असं त्यांनी मानलं. शांततावाद्यांपैकी कुणाला ते रुचलं असेल असं वाटत नाही.

त्या दोन वर्षांत त्या युद्धाबद्दलच बोलत बसल्या असंही नाही. जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूट इथल्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. रँकिनबाई कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि खाण कंपनीचं वैर ओढवून घेतलं. १० जानेवारी १९१८ ला स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात चर्चेला आली. चर्चेची सुरुवात त्यांनीच केली. ठराव २७४ विरुद्ध १३६ नं मंजूर झाला. सेनेटमध्ये तो अडकला आणि पुढं १९२० मध्ये घटनेत आला, ही गोष्ट वेगळी. पण स्त्रियांच्या मतासाठी संसदेत मत देणारी स्त्री त्या दिवशी एकच होती.

१९१८ मध्ये त्यांनी सेनेटसाठी निवडणूक लढवली आणि हरल्या. त्यानंतर बावीस वर्षं त्या संसदेबाहेर होत्या. आपण चरित्रं वाचताना अशी वर्षं दोन ओळींत उरकतो. पण मला वाटतं, या बाईंची घडण त्याच वर्षांत झाली. १९१९ मध्ये झुरिकला स्त्रियांच्या शांतता परिषदेला त्या गेल्या. मग जॉर्जिया राज्यात थोडी जमीन घेऊन साध्या घरात राहू लागल्या. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. तिथल्या बायकामुलांना जमवून जगाच्या राजकारणाचे वर्ग घेत. १९२९ पासून दहा वर्षं त्या एका युद्धविरोधी संस्थेसाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होत्या. संसद सदस्यांना भेटायचं, समित्यांपुढं बोलायचं, पुन्हा भेटायचं. युद्ध वाईट असतं, एवढं म्हणून युद्ध थांबत नाही, हे त्यांना कळलं होतं. युद्ध सुरू होण्याच्या वाटेवर कायद्याची दारं किती आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडं आहेत, ते बघायला हवं.

अशा दारांचा विचार तेव्हा इतरही करत होते. इंडियानाचे प्रतिनिधी लुईस लडलो यांनी तर अशी घटनादुरुस्ती मांडली की, देशावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, एरवी युद्धाआधी सगळ्या जनतेचं मतदान घ्यायचं. जानेवारी १९३८ मध्ये ती चर्चेला घ्यायची की नाही यावर मतं पडली. १८८ बाजूनं, २०९ विरोधात. आकडा बघितला तर थोडक्यात हुकलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट या कल्पनेच्या कडक विरोधात होते. हात बांधलेला राष्ट्राध्यक्ष परराष्ट्रांशी कसा वागणार, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता.

१९४० मध्ये, साठीला आल्यावर, रँकिनबाई मोंटानातून पुन्हा निवडून आल्या. युरोपात युद्ध पेटलं होतं. फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटनला उधारीवर शस्त्रं पुरवण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात आलं. इतिहासात लेंड-लीज म्हणून जे ओळखलं जातं ते हेच. रँकिनबाईंनी त्यात एक दुरुस्ती सुचवली. अमेरिकी सैनिक परदेशात पाठवायचे असतील तर संसदेची त्यासाठी वेगळी, स्पष्ट मंजुरी घ्यावी लागेल. आज शस्त्रं मागताहेत, उद्या माणसं मागतील, तेव्हा तरी आम्हाला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. दुरुस्ती फेटाळली गेली. मे महिन्यात त्यांनी वेगळा ठराव मांडला, की पश्चिम गोलार्धाबाहेर आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांबाहेर लढायला फौज पाठवू नये. त्याचंही काही झालं नाही. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं अमेरिकी मरीन सैनिक आइसलंडला उतरले. संसदेला त्यांनी कळवलं, पण विचारलं नाही.

माझ्या मते रँकिनबाईंच्या आयुष्यातलं महत्त्वाचं पान हे आहे. त्यांच्या नावावर लोक ३८८ विरुद्ध १ ची गोष्ट सांगतात. ती गोष्ट धाडसाची आहे. फेब्रुवारीतली ही दुरुस्ती मात्र कामाची होती. तिच्यात युद्ध बरोबर की चूक याचा निवाडा नव्हता. निर्णय कुणी घ्यायचा आणि कुणाच्या नावानं नोंदवायचा, एवढंच त्यात होतं.

मग ७ डिसेंबर १९४१ उजाडला. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. २,४०० वर अमेरिकी माणसं मेली. दुसऱ्या दिवशी रूझवेल्ट संसदेपुढं आले. सेनेटमध्ये ८२ विरुद्ध ०. प्रतिनिधिगृहात रँकिनबाई बोलायला उठत होत्या, पण सभापती सॅम रेबर्न यांनी त्यांना बोलू दिलं नाही. आजूबाजूचे सदस्य विनवत होते की निदान तटस्थ तरी राहा. त्यांनी नकार नोंदवला. सभागृहात हुर्यो उडाली. बाहेर इतकी गर्दी अंगावर आली की त्यांना टेलिफोनच्या खोपटात शिरून दार लावून घ्यावं लागलं, आणि पोलिसांनी येऊन त्यांना त्यांच्या कचेरीत पोचवलं. भावानं कळवलं की अख्खं मोंटाना तुझ्या विरोधात आहे. तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्धच्या ठरावांवर त्यांनी फक्त हजेरी लावली, मत दिलं नाही. कॅन्ससचे नामवंत संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी लिहिलं की त्यांच्या भूमिकेशी आपलं वर्तमानपत्र पूर्ण असहमत आहे, पण ते मत फार धाडसाचं होतं. १९४२ ची निवडणूक त्या लढल्याच नाहीत. राजकारण संपलं होतं.

मंडळात इथं मला सगळ्यांनी अडवलं. त्यांचं मत बरोबर होतं असं तुला वाटतं का? हल्ला झाला होता, समोर हिटलर होता. मी खरं तेच सांगितलं. त्या सभागृहात मी असते तर होकार दिला असता. माझे पणजोबा ज्या युद्धात लंगडे झाले, ते युद्ध हरलं असतं तर जगाचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. पण मत चुकीचं असणं वेगळं आणि मत देता येणं वेगळं. ज्या सभागृहात एकालाही नाही म्हणता येत नाही, तिथं प्रश्न विचारला गेला असं म्हणता येणार नाही. त्या एका नकारामुळे बाकीचे ३८८ होकार खरे ठरतात. प्रत्येकानं आपल्या नावानं सांगितलं, की होय, मी माणसं पाठवतो आहे. पणजोबांच्या वेळी दिल्लीत असं एकही नाव लिहिलं गेलं नव्हतं, ना होकाराचं ना नकाराचं.

१९४६ मध्ये रँकिनबाई पहिल्यांदा भारतात आल्या. गांधीजींचा अहिंसेचा मार्ग त्यांना समजून घ्यायचा होता. १९७१ पर्यंत त्या सात वेळा येऊन गेल्या. न विचारता युद्धात ढकललेल्या या देशात त्यांनी काय काय पाहिलं असेल, याची मला फार उत्सुकता वाटते.

इकडं त्यांच्या देशात विचारण्याची रीतच मोडत गेली. जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध युद्ध पुकारलं, ते अमेरिकी संसदेनं रीतसर पुकारलेलं शेवटचं युद्ध. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. मग लढाया थांबल्या का? जून १९५० मध्ये ट्रूमन यांनी कोरियात फौज उतरवली, संसदेचं मत न घेता. त्याला युद्ध म्हणायचंच नाही, पोलिसी कारवाई म्हणायचं, असं ठरलं. त्या पोलिसी कारवाईत तेहतीस हजारांवर अमेरिकी सैनिक लढताना मेले. कोरियातल्या माणसांची गणती लाखांत आहे.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचं जॉन्सन यांनी सांगितलं आणि संसदेकडून मोकळीक मागितली. प्रतिनिधिगृह ४१६ विरुद्ध ०, सेनेट ८८ विरुद्ध २. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढं उघड झालं. त्या एका ठरावावर व्हिएतनामची लढाई वर्षानुवर्षं चालली आणि ५८,००० वर अमेरिकी सैनिक गेले. तिथल्या लोकांचे किती गेले, त्याची मोजदाद आजही लाखांच्या अंदाजांतच होते.

रँकिनबाई तेव्हा ऐंशी पार करून गेल्या होत्या. १५ जानेवारी १९६८ ला वॉशिंग्टनच्या थंडीत सुमारे पाच हजार बायकांचा मोर्चा संसदेकडं गेला. त्याचं नावच जेनेट रँकिन ब्रिगेड. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई पुढं चालत होत्या. व्हिएतनाममधून फौज परत आणा, असा अर्ज त्यांनी सभापतींच्या हाती दिला. युद्ध काही त्या अर्जानं थांबलं नाही. १८ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. वय ब्याण्णव.

आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला अमेरिकी संसदेनं युद्धाधिकारांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारून परत पाठवला होता. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांशाहून जास्त मतांनी तो नकार बाजूला सारला, २८४ विरुद्ध १३५ आणि ७५ विरुद्ध १८. कायदा असा : फौज लढाईत उतरवण्याआधी शक्य तिथं संसदेशी सल्लामसलत करायची. उतरवली तर ४८ तासांत लेखी कळवायचं. संसदेनं मंजुरी दिली नाही तर ६० दिवसांत लढाईतून बाहेर पडायचं, आणि माघारीसाठी गरज असेल तर आणखी ३० दिवस. फेब्रुवारी १९४१ मध्ये फेटाळलेली रँकिनबाईंची दुरुस्ती, त्या गेल्यावर सहा महिन्यांनी, वेगळ्या शब्दांत पण त्याच प्रश्नाला धरून, कायद्यात आली. त्या पहिल्यांदा निवडून आल्या त्यालाही त्या दिवशी बरोबर ५७ वर्षं झाली होती.

गोष्ट इथंच संपवली असती तर गोड झाली असती. पण कायदा कागदावर असणं आणि चालणं यांत फरक आहे. १९९९ मध्ये कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँबफेक चालली, ६० दिवसांची मुदत उलटून गेली. २०११ मध्ये लिबियावर हल्ले चालू असताना ओबामा सरकारनं सांगितलं, की कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांना हा कायदा हातातल्या बेडीसारखा वाटत आला. संसदेतल्या अनेकांनाही तो सोयीचा नाही, कारण मत दिलं की जबाबदारी येते. न विचारलं गेलेलंच बरं, असं वाटणारे लोकप्रतिनिधी सगळीकडं असतात. तरीही १९९१ आणि २००२ मध्ये इराकविरुद्ध लढण्याआधी दोघा बुश राष्ट्राध्यक्षांना संसदेकडून मंजुरी घ्यावीशी वाटली. मतं पडली, नावं नोंदली गेली, आणि पुढं मतदारांनी त्या नावांचा हिशेबही मागितला.

२००१ मध्ये न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्षांना बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव आला. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. या वेळचं एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. आपण कोऱ्या धनादेशावर सही करतो आहोत, अशी त्यांची भीती होती. त्या ठरावाचा आधार घेऊन पुढची वीस वर्षं कितीतरी देशांत कारवाया झाल्या.

बैठकीनंतर घरी गेले तर चुलतभाऊ अंगणात बसून बुटांची माती झाडत होता. तो भरतीसाठी रोज पहाटे कॅम्पातल्या रस्त्यांवर धावतो. त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मला पाठवतील तिथं मी जाणार, फौजेत प्रश्न विचारत नसतात. मी म्हटलं, बरोबर आहे, तू विचारायचा नाहीस. म्हणून तर दुसऱ्या कुणीतरी विचारायला हवं, आणि तेही तू निघायच्या आधी. तो हसला आणि अंघोळीला गेला.

आज्जी आतून म्हणाली, ट्रंकेवरचा नंबर पुसत चाललाय, कुणीतरी पुन्हा रंगवा. या रविवारी मी तो रंगवणार आहे.